फाल्गुनातला हिवताप

हिवताप हा पावसाळी आजार, अशी आपली पक्की समजूत आहे. पनवेल परिसरात ती अर्धीच खरी ठरते. जूनअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत रुग्ण वाढतात, हे खरे. परंतु ऐन फाल्गुनात, अंगणात पाण्याचा टिपूस नसताना, एखाद्या आजींना हुडहुडी भरते. घरचे विचारतात, "डॉक्टर, आता डास कुठले?" डास बहुधा गेल्या भाद्रपदातला असतो. व्हायव्हॅक्स जातीचे परजीवी यकृतात सुप्तावस्थेत दडून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात.

क्लोरोक्विनच्या 3 दिवसांनी रक्तातले परजीवी मरतात. यकृतातले मारण्यासाठी प्रायमाक्विन 14 दिवस घ्यावे लागते. ताप मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशीच उतरतो आणि उरलेल्या गोळ्या डब्यात पडून राहतात. तेव्हा वृद्धांच्या गोळ्या घरातल्या एकाने मोजून द्याव्यात. हे औषध सुरू करण्यापूर्वी जी-६-पीडी तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. औषध चालू असताना लघवी काळसर झाली, तर पुढची गोळी न देता तत्काळ दवाखाना गाठावा.

डासांचा विषय निघाला की पनवेलकर वडाळे, कृष्णाळे, विश्राळे या तळ्यांकडे बोट दाखवतात. बिचारी तळी! शहरी हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस स्टिफेन्सी स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो: गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, वापरात नसलेली विहीर, बांधकामावरचे हौद. डॉ. बेंटली यांनी 1911 साली मुंबईच्या हिवतापाचा अहवाल दिला, तेव्हा त्यांचाही रोख विहिरींवर होता. आज कामोठे, खारघर, कळंबोली ते थेट विमानतळापर्यंत बांधकामांची रांग लागली आहे. दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या मजुरांच्या रक्तातून कधी परजीवीही येतात. मात्र त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. पत्र्याच्या खोलीत मच्छरदाणीवाचून झोपणाऱ्या त्या माणसांनाच डास आधी चावतात.

अंड्यापासून डास होण्यास साधारण 8 ते 10 दिवस लागतात. आठवड्यातून एकदा साठवणीची भांडी रिकामी करून घासून कोरडी ठेवण्याचा आग्रह त्यासाठीच आहे.

फाल्सिपॅरम या दुसऱ्या जातीचे परजीवी यकृतात असे दडून राहत नाहीत, पण काही दिवसांतच मेंदू व मूत्रपिंडांपर्यंत इजा पोहोचवू शकतात. थंडी, ताप, घाम हा पुस्तकी क्रम वृद्धांत दिसेलच असे नाही. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागतात, जेवण टाकतात, चालताना तोल जातो. ताप जेमतेम 100 अंश असतो. "वय झाले" म्हणून घरचे दोन दिवस घालवतात, आणि नेमके तेच दिवस मोलाचे असतात. अशा वेळी त्याच दिवशी रक्त तपासावे. पहिला अहवाल निर्दोष आला, तरी ताप टिकल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा नमुना द्यावा. अंगदुखीसाठी मनाने आयबुप्रोफेन देऊ नये. प्लेटलेट आधीच घसरलेल्या असू शकतात. मधुमेहींची साखर या आजारात एकाएकी उतरू शकते, म्हणून घरी यंत्र असल्यास दिवसातून दोन-तीनदा मोजावी.

आणि मागच्या हिवतापाचा अहवाल रद्दीत टाकू नका. जात कोणती होती आणि 14 दिवस पूर्ण झाले होते का, हे मी पहिल्याच भेटीत विचारतो.