एकच गियर, तोही न सुटणारा

'गियर किती?' नवी सायकल घेतल्यापासून हा प्रश्न मला भेटेल तो विचारतो. 'एक' म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. शेजारच्यांनी तर सरळच विचारलं, 'कितें रे, गाडी विकली?' मंडळी, या कीव करण्याचाच आज समाचार घ्यायचा आहे.

आधी हा प्रकार काय ते सांगतो. आपल्या नेहमीच्या सायकलीला मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक टिकटिक करत फिरत राहतं. माझ्या सायकलीला, म्हणजे फिक्स्ड गियरला, ते नाही. मागचं दातेरी चक्र चाकालाच घट्ट बसवलेलं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, उतारावरसुद्धा! पायांनी उलट जोर दिला की वेग कमी होतो. पुढे ४६ दात, मागे १६. पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सहा मीटर पुढे जाते. बस्स, एवढंच यंत्र. पावसाळ्यात चिखल अडकायला गियरची केबल नाही, बिघडायला डिरेलर नाही.

'हे नवं फॅड', असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ साली. त्याआधी शर्यतवीर घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक उलटं बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या चक्रावर आल्प्स चढत. फॅड उलट तुमचं एकवीस गियरचं, ज्यातले अठरा कधी वापरलेच जात नाहीत. आणि पणजीच्या कोंडीत तुमच्या मोटारीचे किती गियर लागतात हो? पहिला आणि दुसरा.

दुसऱ्या टोकाचे शूरवीरही आहेत. 'फिक्स्ड गियरला ब्रेक लावणं म्हणजे अपमान', असं ते म्हणतात. त्यांना कोपरापासून नमस्कार. व्हेलोड्रोमवर सायकलीला ब्रेक नसतो, कारण तिथे कुत्रं आडवं येत नाही आणि बस मध्येच थांबत नाही. माझ्या सायकलीला पुढे ब्रेक आहे आणि तो राहणार.

आता सुखाची गोष्ट. पणजीहून रायबंदरला जाणारा जुना बांध, पोंते द लिन्यारिस, १६३३-३४ साली बांधलेला. तीनेक किलोमीटर सपाट. सकाळी सहाला एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं, आणि पायांची लय एकदा लागली की ती तुटत नाही, कारण पाय थांबवायची सोयच नाही. श्वासही त्याच तालावर येतो. हे सुख मला कुठल्याही इंजिनाने दिलेलं नाही.

पण आठला याच रस्त्यावर या. मागून भोंगे, कोपराला चाटून जाणारे आरसे. पाय थांबवता येत नसल्यामुळे प्रत्येक खड्डा, प्रत्येक गतिरोधक मला आधीच हेरावा लागतो, आणि मग लक्षात येतं की या रस्त्याची आखणी करताना सायकल कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. २०१९ साली मांडवीवर तिसरा पूल झाला, अटल सेतू. त्यावर दुचाकींना मज्जाव. खाली जुने पूल आहेत ना, असं उत्तर मिळतं. म्हणजे वरचा मजला मोटारींचा, तळमजला बाकीच्यांचा!

खरं दुखणं इथे आहे. आपल्या लेखी सायकल म्हणजे एक तर गरिबी, नाही तर रविवारचा छंद. ती वाहन आहे, हे आपण विसरलो. पोदेराची सायकल आपल्याला चित्रात आवडते, टी-शर्टवर आवडते, पर्यटकांना दाखवायला आवडते. तोच पोदेर रस्त्यावर पुढे आला की आपण भोंगा दाबतो. ही आपली संस्कृतीची जपणूक!

माझ्या सायकलीचं कौतुक नको. रस्त्याच्या कडेला हातभर जागा हवी, आणि त्या जागेत मोटार उभी करणाऱ्याला दंड हवा. आमच्यासारख्या हौशी लोकांचं एक वेळ सोडा. पहाटे पावाची पाटी घेऊन निघालेला पोदेर आणि सायकलवरून शाळेला जाणारं पोर ज्या रस्त्यावरून बिनघोर जाईल, तोच खरा विकासाचा रस्ता. बाकी नुसतं डांबर.