अजिंठा : पडद्यावर पाहताना

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात यशोधरा व बालक राहुल यांच्यासमोर भिक्षापात्र घेतलेले तथागत रंगविले आहेत. राजघराण्यातील माणसे लहान, भिक्षू मात्र भव्य. मोठेपण जन्माने नव्हे, त्यागाने येते, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनला आगीत जळाल्या. उरलेल्यांपैकी कित्येक व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर दिसतात. पोखर्णीच्या मुलांनी त्या मोठ्या करून पाहाव्यात आणि विचारावे : ग्रिफिथ्स यांचे नाव राहिले, कुंचला धरणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांचे राहिले? धम्म ‘एहिपस्सिको’ आहे. वंदन करून थांबू नये, स्वतः पाहावे.