डोक्यातले पाणी आणि आईचा बुडालेला रोज

“ताई, पोटुशी असताना मी गिऱ्हान पाह्यलं म्हनता सारे. मी तं त्या दिवशी घराबाहेर पाय बी नही टाकला.”

रावेरहून पालकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वस्तीत ही बाई मला भेटली. केळीच्या बागांत रोजाने जाणारी. मांडीवर पाच महिन्यांचे मूल, डोके इतके वाढलेले की मान उचलत नव्हती. सासूने ग्रहणाचा दोष तिच्या पदरात टाकला होता आणि नवऱ्याने तो खरा मानला होता. डोक्यात पाणी होण्याची कारणे वैद्यकशास्त्र देते : पाण्याची वाट जन्मतःच अरुंद असणे, कण्याचे व्यंग, मेंदूतला रक्तस्राव, मेंदूज्वर, क्षय, गाठ. त्यांत ग्रहण नाही, आणि आईचे पायगुणही नाहीत.

मेंदूच्या पोकळ्यांत पाणी सतत तयार होते आणि वाहत जाऊन रक्तात मिसळते. वाट अडली की ते साचते. बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसल्याने डोके फुगते. यावरचा रुळलेला उपाय म्हणजे शंट : कानामागून, कातडीखालून पोटापर्यंत नेलेली बारीक नळी आणि तिला एक झडप. १९५६च्या सुमारास फिलाडेल्फियात जॉन होल्टर या कारागिराने आपल्या मुलासाठी अशी झडप बनवली. पुढे लेखक रोआल्ड डालने आपल्या मुलासाठी एका शल्यविशारदाच्या आणि अभियंत्याच्या मदतीने दुसरी बनवली. झडपांना बापांची नावे मिळाली. रात्री उशाशी बसून मुलाच्या उलट्या कोणी मोजल्या असतील, ते आपल्याला कोणी सांगायला नको.

अडचण अशी, की शंट बुजते. मुलांमध्ये जवळजवळ निम्म्या शंट पहिल्या दोन वर्षांत बिघडतात आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. या बाईच्या मुलाची शस्त्रक्रिया एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात झाली. संमतीपत्रावर नवऱ्याची सही घेतली. ती मूल घेऊन बाजूला उभी होती. घरी जाताना मिळालेला कागद इंग्रजीत. सात आठवड्यांनी ती म्हणाली, “पोरगं नुसतं झोपतं, हाक मारली तं पाहत नही.” गावातल्या दवाखान्यात तापाचे औषध मिळाले. आणि मी, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, तिला म्हणाले, सोमवारपर्यंत वाट पाहू. मूल वाचले. नजर गेली. शंट बुजल्याचे पहिले निदान त्या बाईने केले होते, आणि ते आम्ही कोणी ऐकले नाही.

म्हणून या आजारावरच्या संशोधनाकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहते. २००५ साली युगांडातल्या एम्बाले येथील मुलांच्या रुग्णालयातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला बनणारी छाब्रा शंट सुमारे ३५ डॉलरची आणि परदेशी शंट ६५० डॉलरची. १९५ मुलांत दोन्ही वापरून पाहिल्या, वर्षभराने निकालात फरक सापडला नाही. त्याच रुग्णालयात पुढे दुसरा प्रश्न विचारला गेला : डॉक्टर शेकडो मैल दूर असेल तर नळी घालावीच कशाला? दुर्बिणीने मेंदूत पाण्याला नवी वाट करायची आणि पाणी तयार करणारा भाग जाळून कमी करायचा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेंदूज्वरानंतर पाणी झालेली १०० तान्ही मुले होती. चिठ्ठी टाकावी तशी निवड करून कोणाला नळी, कोणाला दुर्बीण. वर्षाने मुलांच्या समजेत लक्षणीय फरक दिसला नाही. ब्रिटन-आयर्लंडमध्ये १,६०५ रुग्णांवर झालेल्या चाचणीने २०१९ साली दाखवले, की प्रतिजैविक लावलेल्या नळीने जंतुसंसर्ग सहा टक्क्यांवरून दोनवर येतो.

हे सारे मोलाचे आहे. एम्बालेचा प्रश्न तर रावेरचाच प्रश्न आहे. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; तरी तान्ह्या मुलाच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्या बायका भुसावळला गाडी बदलून मुंबईकडे जातात, नाहीतर बऱ्हाणपूरमार्गे इंदूरला. महात्मा फुले योजनेतून शस्त्रक्रिया होते, बुडालेला रोज कोण देणार? घरची बाकीची पोरे कोणाच्या भरवशावर? चाचण्यांत संसर्ग मोजतात, समज मोजतात, मेंदूचे आकारमान मोजतात. आईने किती खेपा घातल्या, बिघाड आधी कोणाच्या लक्षात आला आणि किती दिवसांनी तिचे ऐकले, हे का मोजू नये? दोन उपचारांचा निकाल सारखा आला, तर तिच्यासाठी हाच आकडा निर्णायक असेल.

मैत्रिणींनो, चाचणी म्हटले की आपल्याला नेट-एन आठवते, आणि आठवायलाच हवे. १९८५ साली पाटणचेरूच्या शिबिरात बायकांना पुरती माहिती न देता ते इंजेक्शन दिले जात होते. स्त्रीशक्ती संघटना, सहेली, चिंगारी या संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तो संशय आपण सोडू नये. पण संशयापाशी थांबलो, तर आपल्या मुलांसाठीचे प्रश्न दुसरेच ठरवतील. चाचणी भारतात होत असेल तर माहितीपत्रक आईच्या बोलीत वाचून दाखवा, तिची स्वतंत्र संमती घ्या, मुलाच्या जोडीने तिचीही नोंद ठेवा, ही मागणी आपली असली पाहिजे.

एक गोष्ट तर चाचणीविना होण्यासारखी आहे. आमच्या भागात मी पाहिलेल्या अंगणवाडीच्या कार्डांवर वजनाची रेघ आहे, डोक्याच्या घेराची नाही. शिंप्याची टेप काही महाग नसते.

त्या बाईकडे आता अशी एक टेप आहे. गेल्या महिन्यात ती शेजारच्या वस्तीतले एक बाळ घेऊन आली. डॉक्टरांनी मोजले, डोके व्यवस्थित होते. डॉक्टर हसले, तीही हसली. त्या दिवसाचा तिचा रोज बुडाला.