कौलावरचं १८६५

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, यांस,

कौलावर १८६५ छापलंय म्हणजे शाळा १८६५ साली बांधली, असं होत नाही साहेब. मिठाईवाल्याच्या पाटीवर ‘स्थापना १९३५’ असतं, म्हणून आतला पेढा नव्वद वर्षांचा नसतो.

आपल्या शाखा अभियंत्यांनी आमच्या शाळेच्या निर्लेखन प्रस्तावात, म्हणजे ती पाडून टाकण्याच्या प्रस्तावात, ‘इमारतीचे वयोमान १६० वर्षे’ असं लिहिलं आहे. आकडा कुठून आला हे मला बरेच दिवस कळेना. माहिती अधिकारात फोटो मागवले तेव्हा उलगडलं. एक फुटकं कौल उलटं धरून त्याच्या पाठीचा फोटो काढलाय आणि खाली ‘बांधकाम वर्षाचा पुरावा’ अशी टीप. ते साल बासल मिशनचं आहे. त्या मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे कितीतरी वर्षं आपल्या कौलांवर ते साल उठवत राहिले. पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर अशी कौलं हजारो घरांवर आहेत. आपल्या हिशेबाने ती सगळी एकाच साली बांधून झाली.

आमच्या शाळेचं साल दारावरच्या दगडात कोरलेलं आहे: ‘लोकल फंड स्कूल १८९४’. अक्षरं चार बोटं उंच आहेत. त्यासाठी कौल उलटं करावं लागत नाही, मान वर करावी लागते. अभियंता साहेबांची भेट ४० मिनिटांची होती, त्यातली १५ चहात गेली. चहा मीच दिला, म्हणून वेळ लक्षात आहे.

एकोणतीस वर्षं वाढवून मिळाली याबद्दल रागावले असते असं नाही. पण अख्खा प्रस्ताव त्या एका आकड्यावर उभा आहे. ‘वयोमान १६० वर्षे, सबब धोकादायक, सबब निर्लेखन.’ भिंत कुठे फुगली, कैचीचं कुठलं टोक कुजलं, पाया कुठे खचला, यावर एक ओळ नाही. भिंतीची जाडी ‘अंदाजे’ लिहिली आहे. टेप माझ्याकडे होता, मागितला असता तर दिला असता. भिंत २४ इंच आहे.

या इमारतीबद्दल मी २०१९पासून लिहिते आहे. सात अर्ज झाले. पहिला केंद्रप्रमुखांनी पुढे पाठवला, तो गटशिक्षणाधिकारी कार्यालयात राहिला. दुसऱ्याला ‘विषय बांधकाम विभागाशी संबंधित’ असं उत्तर आलं, तिसऱ्याला बांधकाम विभागाकडून ‘विषय शिक्षण विभागाशी संबंधित’. चौथ्या आणि पाचव्याला आवक क्रमांक मिळाला, तेवढाच. सहावा अर्ज गावाचा होता, त्याबद्दल पुढे लिहिते. सातव्याचं उत्तर म्हणजे लिलावाची नोटीस. आता आठवा अर्ज करत नाही, हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते.

ही इमारत कुणाच्या पैशाने उभी राहिली, ते आधी सांगते. फायलीत ‘जि.प. मालमत्ता’ असं लिहिलंय, ते पाहून हसू येतं. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा घ्यायला १८६०च्या दशकात सुरुवात झाली आणि १८६९च्या कायद्याने ती वसुली पक्की झाली. तो लोकल फंड. त्यातले दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा शाळांना, म्हणजे आण्यातल्या बारा पैंपैकी चार पै. ज्याचं पोर शाळेत जायचं तोही भरायचा आणि ज्याच्या पोराला शाळेच्या आवारात पाऊल टाकू देत नसत तोही भरायचा. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हीच तक्रार मांडली होती: महसूल रयतेच्या कष्टाचा आणि शिक्षण वरच्यांना. अशा चार-चार पैंतून जे दगड चढले, त्यांची किंमत आपल्या तक्त्यात ‘जुने साहित्य’ या सदरात धरली आहे.

माझे आजोबा याच शाळेत शिकले. आत नाही, पडवीत. महारवाड्यातली मुलं पडवीच्या पश्चिम टोकाला बसायची, तिथे दगडी कट्टा आहे. मास्तर पाटी हातात घेत नसत, लांबूनच बघत. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा सगळ्यांना खुल्या कराव्यात असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ऑगस्ट १९२३मध्ये मंजूर झाला. ठराव मुंबईत झाला, आमच्या पडवीपर्यंत यायला त्याला आणखी बरीच वर्षं लागली. मी मात्र आतच बसले आणि पुढे त्याच वर्गात अकरा वर्षं शिकवलं. तेव्हा जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही. तो कट्टा सोनं नाही. पण तो पाडला तर उद्या चौथीच्या पोराला मी काय दाखवून सांगू?

आता इमारत. आपण ती कधी पाहिलेली नाही, म्हणून लिहिते. साठ फूट लांब, वीस फूट रुंद, पूर्व-पश्चिम. दक्षिणेला सात फुटांची पडवी, म्हणजे नैर्ऋत्येची झड मुख्य भिंतीवर येत नाही. मोठ्या खिडक्या उत्तरेला. मुलं पूर्वेकडे तोंड करून बसायची, म्हणजे उजेड डाव्या हातून यायचा आणि लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली पाटीवर पडायची नाही. ज्या कुणी ही शाळा आखली, त्याने बसलेल्या मुलाचा विचार केला होता. (वीज नव्हती, म्हणून करावा लागला असेल. आता वीज आहे, म्हणून विचार करावा लागत नाही.) घडीव काळा दगड, चुन्यातलं बांधकाम, दुपाखी छप्पर, सागवानी पाच कैच्या, वर मंगलोरी कौलं. कौलांखाली तक्तपोशी नाही, त्यामुळे उन्हाळ्यात गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जाते. शेजारच्या स्लॅबच्या खोल्यांत एप्रिलमध्ये दुपारी एक तास बसून दाखवा.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी चौथीत होते. गावातली मातीच्या भिंतींची घरं बसली, आम्ही कित्येक रात्री खळ्यात काढल्या. शाळेच्या उत्तरेच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग गेली, ती चुन्याने भरली. ती आजही तेवढीच आहे, मी दरवर्षी बघते. आपल्या प्रस्तावात वाक्य आहे: ‘दगडी बांधकाम असल्याने भूकंपरोधक नाही.’ किल्लारीचं भूत दाखवून कुठलीही दगडी भिंत पाडता येते, हे मला ठाऊक आहे. पण १९९३ला किल्लारीत ज्या भिंती पडल्या त्या मातीत रचलेल्या होत्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोन्हींना बांधणारे आरपार दगड नाहीत आणि डोक्यावर मातीच्या धाब्याचं ओझं. आमच्या शाळेत आरपार दगड आहेत, त्यांची टोकं आतून मोजता येतात, कारण आतली भिंत सुदैवाने निम्मीच गिलाव्यात गेली आहे. हा फरक अभियंत्याला मी सांगावा?

दुसरी निम्मी भिंत आपण बिघडवली. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. २००८ साली बाहेरून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा चढवला, पुढे ‘बोलक्या भिंती’ आल्या आणि आतून ऑइलपेंटमध्ये बाराखडी, आंबा, मोर. ओल आत कोंडली. मोराच्या पायाशी आता पोपडे सुटलेत. भिंती बोलक्या झाल्या हे खरं, फक्त त्या काय बोलतात ते ऐकायला कुणी आलं नाही. ‘भिंतीत ओल’ हे मात्र प्रस्तावात आहे, वयोमानाच्या खात्यावर.

आता कौलं. सगळं दुखणं इथे आहे, म्हणून आकडे नीट वाचा. छपरावर सुमारे ३,४०० कौलं आहेत. दरवर्षी वैशाखात ती चाळायची, फुटकी बदलायची, कोने पुन्हा चुन्यात बसवायचे. गावातला गवंडी आणि दोन माणसं, तीन दिवसांचं काम. लोकल बोर्डाने, स्कूल बोर्डाने ते केलं. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या, त्यानंतरही कित्येक वर्षं ते होत राहिलं. २००९ साली शेवटचं झालं. त्यानंतर सोळा पावसाळे गेले आणि एकाही वर्षी कुणी शिडी लावली नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही खाली उभं राहून, आतून उजेड कुठून येतो ते बघत, फुटकी कौलं मोजली. २१२ निघाली. शंभरात सहा. एक कौल ३५ रुपयांना धरलं तरी ७,४२० रुपये होतात. आपल्या कार्यालयाच्या प्रवेशद्वारावरच्या फलकाला याहून जास्त खर्च आला असावा.

सहावा अर्ज याबद्दलच होता. गावाने १८,००० रुपये लोकवर्गणी जमवली आणि फक्त परवानगी मागितली: कौलं आम्ही आणतो, माणसं आमची, शिडी आमची. चौदा महिन्यांनी उत्तर आलं, ‘शासकीय मालमत्तेवर विनापरवाना काम करता येणार नाही.’ परवाना मागणाऱ्याला परवान्याशिवाय काम करता येणार नाही असं कळवणं, हे मराठी मी तरी कधी शिकवलं नव्हतं. त्या चौदा महिन्यांत दोन पावसाळे गेले आणि पश्चिमेकडून दुसऱ्या कैचीचं टोक भिजून काळं पडलं. ते मात्र खरंच बघायला हवं. तेच आपल्या अहवालात नाही.

वर्ग आता शेजारच्या स्लॅबच्या दोन खोल्यांत भरतात. पहिली ते चौथी, ४१ मुलं, दोन शिक्षक. त्या खोल्या १९९८च्या. दुसऱ्या खोलीत स्लॅबचं आवरण सुटून अकरा फूट लांबीत गंजलेल्या शिगा दिसतात. जुलैमध्ये तिथे बादल्या ठेवतात, मुलं बादल्यांच्या मधून बसतात. या खोल्यांचं निर्लेखन नाही, कारण कागदावर त्यांचं ‘आयुर्मान शिल्लक’ आहे. म्हणजे जिच्यावरून आजवर कुणाच्या डोक्यावर एक खपली पडली नाही ती इमारत धोकादायक, आणि जिच्यातून सिमेंटचा तुकडा दोनदा वहीवर पडला ती सुरक्षित. दोन्ही निर्णय टेबलावर बसून, वजाबाकी करून घेतलेले.

निंबोडीची तीन मुलं २०१७ साली शाळेच्या छताखाली गेली. राजस्थानात झालावाडजवळ पिपलोदीला २५ जुलै २०२५ रोजी सात गेली, आणि मग देशभर तपासण्यांचे आदेश निघाले. मी शिक्षिका होते, हजेरी घेताना एक नाव आलं नाही तरी जीव खालीवर व्हायचा. तेव्हा ‘मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे’ हे वाक्य कृपया मला ऐकवू नका. तो प्रश्न आहे म्हणूनच विचारते: त्या ४१ मुलांच्या डोक्यावरची शीग आपल्या तपासणीत कशी दिसली नाही?

शेवटचे आकडे. नव्या दोन खोल्यांचं अंदाजपत्रक २४ लाखांचं. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या गावच्या एका माणसाने जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचा हिशेब काढला: सिमेंटचा गिलावा उतरवणं, दरजा चुन्यात भरणं, कैचीचं ते टोक जोडून घेणं, सगळी कौलं चाळणं, मिळून २ लाख ८५ हजार. हा कागद सातव्या अर्जाला जोडला होता. आणि लिलावासाठी आपण धरलेली किंमत, लाकूड, कौलं, घडीव दगड, दारं-खिडक्या सगळं मिळून, ३१,२०० रुपये. सुताराला घेऊन मी कैच्या मोजल्या. पाच कैच्यांतच ६८ घनफूट सागवान आहे. जुन्या सागाला दोन हजारांचा भाव म्हटला तर कुठलाही वखारवाला हसून घेईल, तरी १ लाख ३६ हजार होतात, तेही फक्त कैच्यांचे. मग ३१,२०० हा आकडा कुणी काढला, कशावरून काढला आणि कुणासाठी काढला? मी कुणाचं नाव घेत नाही. पण प्रस्ताव मंजूर होण्याच्या आधीच दोन अनोळखी माणसं गाडीतून येऊन कैच्यांचे फोटो काढून गेली. अर्ध्या तासात त्यांनी आपल्या अभियंत्याहून जास्त मोजमाप घेतलं, टेपसुद्धा स्वतःचा आणला होता.

मागणं नवीन काहीच नाही. लिलाव थांबवा. चुन्याचं बांधकाम ज्याला कळतं अशा माणसाकडून दोन्ही इमारतींची तपासणी करा, जुनीची आणि स्लॅबचीही, आणि त्यात इमारत खरोखर धोक्याची निघाली तर मी स्वतः पहिला दगड उतरवायला येईन. तोवर पश्चिमेकडच्या दुसऱ्या कैचीखाली टेकू द्या आणि स्लॅबच्या दुसऱ्या खोलीतून मुलं आजच्या आज बाहेर काढा. समाजमंदिर रिकामं आहे, किल्ली सरपंचांकडे असते. कौलांची परवानगी एका ओळीत द्या. १८,००० रुपये अजून बँकेत आहेत, व्याजासकट.

लिलाव बारा तारखेला सकाळी अकरा वाजता आहे. नोटीस सागवानी दारावर खिळा ठोकून लावली आहे. त्या दिवशी मी नऊ वाजल्यापासून पडवीच्या पश्चिम टोकाला, कट्ट्यावर बसलेली असेन. आपण आलात तर दारावरचं साल दाखवीन. चहा मिळेल, या वेळी मोजमाप आधी.

कळावे,
या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आणि निवृत्त शिक्षिका