गोष्ट आधी, नावे मागाहून

आगरदांड्याच्या धक्क्यावर आम्ही दिघीकडे जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत उभे होतो. धर्मग्रामातील तीन कुटुंबे बरोबर होती. ओहोटी सुरू झाली होती. धक्क्याच्या कठड्यावर बारावीचा एक विद्यार्थी इंग्रजीचे गाईड मांडीवर घेऊन, डोळे मिटून पाठांतर करीत होता. सेटिंग म्हणजे कथा घडते ते स्थळ आणि काळ. प्लॉट म्हणजे घटनांची गुंफण. थीम म्हणजे मध्यवर्ती विचार. आम्ही त्याला विचारले, "बाळा, हे सेटिंग कोणत्या गोष्टीचे?" तो ओशाळून हसला. "काका, गोष्ट नाय वाचली. लांब हाय ती. एवढं आलं की मार्क पडतात."

समोर राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी, खाडीच्या तोंडाशी साडेतीनशे वर्षांच्या लढायांच्या कथा पोटात घेऊन उभा असलेला जंजिरा. आणि या सगळ्याकडे पाठ करून आमचा हा बाळ 'स्थळ आणि काळ' यांची व्याख्या घोकीत होता. तो आळशी नव्हता, मंदही नव्हता. त्याला जे सांगितले गेले तेच तो इमानेइतबारे करीत होता. आमचे भांडण त्याच्याशी नाही. वाङ्मयाची नावे शिकवून वाङ्मय शिकवल्याचे समाधान मानणाऱ्या पद्धतीशी आहे, आणि त्या पद्धतीला मुकाट्याने मान डोलावणाऱ्या आम्हा पालक, शिक्षक व धर्मगुरू मंडळींशीही आहे.

पाठ्यपुस्तक मंडळाचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. २०२० साली निघालेल्या बारावीच्या इंग्रजी युवकभारतीत कादंबरीसाठी स्वतंत्र विभाग आला. कादंबरीचा इतिहास, मग ब्रेथवेट, ज्यूल व्हर्न आणि कॉनन डॉयल यांच्या एकेका कादंबरीतील उतारा. कोकणातल्या मुलांनी कादंबरीला हात लावावा ही इच्छा स्तुत्यच. पण ऐंशी गुणांच्या प्रश्नपत्रिकेत या विभागाला सोळा गुण ठरले, प्रश्न पात्रे, कथानक, स्थळकाळ व आशय यांवर येणार हे ठरले, आणि आठ दिवसांत गाईडवाल्यांनी त्या सोळा गुणांपुरती कादंबरी सुकवून, खारवून बाजारात आणली. ताजी मासळी दारात असता सुके बोंबील चघळण्यासारखे हे आहे. (सुक्या बोंबलाचा आम्ही अपमान करीत नाही, पावसाळ्यात त्यानेच आमची लाज राखली आहे.)

व्हर्नच्या त्या कादंबरीकडेच पाहा. फिलिअस फॉग ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लावतो. तो मुंबईस उतरतो, आगगाडीत बसतो, पुढे रूळ संपतात म्हणून हत्ती विकत घेतो. लंडनला परतल्यावर आपण पैज हरलो असे तो समजतो. पण पूर्वेकडे पूर्वेकडे जात राहिल्याने त्याच्या पदरात एक दिवस अधिक पडलेला असतो आणि तो जिंकतो. येथे स्थळकाळ म्हणजे कथेच्या मागे टांगलेला पडदा नव्हे. स्थळकाळच कथानकाची किल्ली फिरवतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे आगरदांड्याच्या पोराला उपजत ठाऊक असते. घड्याळाचा वेळ एक आणि पाण्याचा वेळ दुसरा, हे त्याच्या बापाने त्याला होडीत बसवून शिकवलेले असते. त्या मुलाला फॉगचा दिवस कसा वाढला हे उलगडून सांगायला कितीसा वेळ लागेल? तेवढे केले, तर सेटिंग या शब्दाची व्याख्या तो स्वतःच करील.

आता अलंकारांचा प्रकार ऐका. मराठीच्या तासाला गुरुजी उपमा शिकवतात. उपमेय, उपमान, साधर्म्य दाखवणारा शब्द, समान गुण. घंटा होते. पुढच्या तासाला इंग्रजीचे सर येतात आणि त्याच फळ्यावर सिमिली लिहितात, जणू काही हा प्राणी आताच बोटीतून उतरला आहे. मेटाफर म्हणजे आपले रूपक, पर्सोनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, हे एक वाक्य कोणी बोलत नाही. दोन्ही शिक्षक एकाच खोलीत चहा घेतात, पण एकाचा अलंकार दुसऱ्याच्या ओळखीचा नसतो. मुलाची समजूत अशी होते की अलंकार ही इंग्रजीची मिरास आहे आणि आपल्या घरच्या बोलीत त्यातले काही नाही.

घरच्या बोलीत काय नाही? खाडीला तोंड असते. डोंगराला कूस असते, सोंड असते. दर्या खवळतो आणि शांत होतो. आनंदाला उधाण येते, धंद्याला ओहोटी लागते. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव सागराला नारळ अर्पण करून मनवतात, तेव्हा ते काय चेतनगुणोक्तीची व्याख्या पाठ करून येतात? आणि बाजारात बसलेली कोळीण घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला जे ऐकवते त्यात वक्रोक्ती, व्याजस्तुती आणि अतिशयोक्ती एका दमात सापडतील. तिच्या मुलीला तेच अलंकार परकीय नावांनी, परकीय उदाहरणांनी, कोरड्या तक्त्यातून पाठ करावे लागतात आणि ते जमत नाहीत म्हणून ती इंग्रजीत 'कच्ची' ठरते.

नावांना आमचा विरोध नाही. कोळ्याच्या मुलाला डोल, रापण, पाग या जाळ्यांची नावे येतात. का येतात? ती जाळी त्याने ओढली आहेत, फाटली तेव्हा शिवली आहेत. आधी हात ओले झाले, नाव मागाहून जिभेवर आले. आमच्या वर्गांत मात्र जाळ्यांच्या नावांची यादी पाठ करून घेतात आणि मुलाला पाण्याजवळ जाऊ देत नाहीत.

याच मुरूड तालुक्यात कोर्लई आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकजण तेथील माउंट कार्मेल मातेच्या मंदिरात गेले असतील. तेथल्या आपल्या बांधवांच्या घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगमातून घडलेली बोली बोलतात. ते तिला 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. बोलणारे जेमतेम हजारभर. पोर्तुगीजांनी चौल सोडून पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी ही बोली चुलीपाशी टिकली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिचा अभ्यास करून १९९६ साली तिच्यावर अख्खे पुस्तक प्रसिद्ध केले. सातासमुद्रापलीकडचा विद्वान या घरांतल्या वाक्यांसाठी कान टवकारतो, आणि आम्ही ज्या बाकावर तेथले मूल बसवतो त्या बाकावर त्याच्या आजीच्या गोष्टीला शून्य गुण! घरी एक, गल्लीत दुसरी, शाळेत तिसरी भाषा सांभाळणाऱ्या या मुलांएवढी तुलना करण्याची सवय कोणाला असेल? आणि तुलना हाच तर उपमेचा गाभा.

उलट दिशेने आलेल्या एका माणसाची आठवण येथे काढली पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स जातीचे इंग्रज. १५७९ साली गोव्यात आले. १६१६ साली रायतूरच्या छापखान्यातून त्यांचे ख्रिस्तपुराण निघाले, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे. आपली विद्या त्यांनी युरोपात मिळवली होती, लॅटिन त्यांच्या हाताशी होते. पण साष्टीच्या ख्रिस्ती जनांसाठी लिहिताना त्यांनी येथली ओवी घेतली, येथली पुराणाची चाल घेतली, स्वर्गाला वैकुंठ म्हटले. मराठीची थोरवी सांगताना त्यांनी फुलांच्या, रत्नांच्या, पक्ष्यांच्या उपमा एकामागून एक रचल्या, त्याही या भूमीतल्या. तो ग्रंथ छापला गेला रोमन लिपीत, तो देवनागरीत मराठी वाचकांसमोर १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी आणला. इंग्रज मनुष्याने चारशे वर्षांपूर्वी आमच्या उपमा आमच्या तोंडून शिकून घेतल्या. आज आम्ही आमच्याच मुलांना त्या इंग्रजीतून, व्याख्येच्या रूपाने, उसन्या देतो.

येथे आम्हांला आमच्या पेशाचाही दोष कबूल केला पाहिजे. दयाळू शोमरोन्याचा दाखला घ्या. (मराठीत प्रभूच्या कथेलाही दाखला म्हणतात आणि शाळा सोडल्याच्या कागदालाही, पहिला विसरून आम्ही दुसऱ्याच्या मागे लागलो.) संत ऑगस्टीन यांनी त्या कथेतील प्रत्येक वस्तूला एकेक अर्थ चिकटवला. जखमी मनुष्य म्हणजे आदाम, धर्मशाळा म्हणजे ख्रिस्तसभा, धर्मशाळेचा रखवालदार म्हणजे संत पौल. सेमिनरीत असताना आम्ही ही कोष्टके मोठ्या हौसेने उतरवून घेतली आणि पहिल्या काही वर्षांत प्रवचनातून ती लोकांच्या माथी मारली. पुढे सी. एच. डॉड यांचे दाखल्यांवरचे १९३५ सालचे पुस्तक वाचले तेव्हा डोळे उघडले. कोष्टकात रस्त्यावर पडलेला मनुष्य नाहीसा झाला होता. त्याचे रक्त वाहत होते आणि आम्ही त्याचा 'अर्थ' सांगत होतो.

नाथान संदेष्ट्याने असे केले नाही. दावीद राजाने उरीयाची बायको पळवली, उरीयाला मारवले. नाथान दरबारात गेला आणि त्याने एका गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगितली, जे शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी हिसकावून नेले. दावीद संतापला, त्या श्रीमंताला मरणदंडच हवा असे म्हणाला. मग नाथानने त्याच्याकडे बोट केले. त्यात रूपक आहे, विपरीतार्थ आहे, उत्कर्षबिंदू आहे. पण नाथानने आरंभीच 'महाराज, आता एक रूपक सांगतो' असे म्हटले असते तर दावीद सावध झाला असता आणि त्याचे पाप त्याच्यापाशीच राहिले असते.

कथानकाचे ते त्रिकोणी चित्रही असेच. चढण, शिखर, उतार. हे गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली नाटकासाठी मांडले. भरताच्या नाट्यशास्त्रात त्याच्या कितीतरी शतके आधी पाच संधी आणि पाच अवस्था सांगितल्या आहेत. त्याचा पत्ता गाईडला नसतो, हे ठीक. आमच्याही पंडितांनी भरताच्या चार अलंकारांचे पुढे शंभरावर अलंकार केले, तेव्हा यादीचा रोग काही एकट्या इंग्रजांचा नाही. पण प्रत्येक गोष्टीला तोच त्रिकोण का घालावा? उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे सांगितलेलेच नाही. योनाचा ग्रंथ तर प्रश्नावर संपतो. गाईडमधल्या 'शेवट' या रकान्यात तो प्रश्न कसा भरायचा?

आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेने आम्हांला स्पष्ट सुनावले, "फादर, साठ मुले, पस्तीस मिनिटे आणि डोक्यावर निकाल. गोष्ट वाचत बसले तर अभ्यासक्रम कोण संपवील?" तिचे म्हणणे खोटे नाही. पहिल्यांदाच इंग्रजी शिकणाऱ्या घरातील मुलीला ते गुण हवे आहेत, त्यांवर तिची नोकरी अवलंबून आहे, आणि त्यांना तुच्छ लेखण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्या धर्मगुरूला नाही. पण महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. बारा वर्षे शिकूनही मूल एक गोष्ट सलग वाचू शकत नसेल, तर वेळ नेमका कशात गेला हे तिनेच आम्हांला सांगावे.

शाळा बदलेपर्यंत धर्मग्रामाने थांबण्याचे कारण नाही. आमच्या सभागृहात येत्या शनिवारपासून सायंकाळी एक तास मोठ्याने वाचन सुरू करीत आहोत. एक आठवडा इंग्रजी गोष्ट, एक आठवडा मराठी, आणि महिन्यातून एकदा कोणाच्या तरी आजीने तिच्या बोलीत सांगितलेली. तासभर कोणी व्याख्या विचारायची नाही. नंतर मुलांना विचारायचे: कुठे घडली, कोणाचा राग आला, अमुक वस्तूला तमुक का म्हटले? उत्तरे आली की मगच फळ्यावर दोन्ही भाषांतली नावे लिहायची, शेजारी शेजारी. निवृत्त शिक्षकांनी पुढे यावे. चहाची सोय आम्ही करू.

फेरीबोट लागली तेव्हा तो मुलगा गाईड पिशवीत कोंबून आमच्या शेजारी येऊन उभा राहिला. आम्ही त्याला फॉगच्या वाढलेल्या दिवसाची गोष्ट सांगू लागलो. अर्ध्या खाडीत त्याने आम्हांला अडवले आणि विचारले, "मग पश्चिमेला गेला असता तर एक दिवस कमी झाला असता ना, काका?"