नोंद हरवते, जमीन नाही

मुळशी तालुक्यात जमिनीचा विषय निघत नाही असे घर विरळाच. हिंजवडीला संगणकनगरी उभी राहिली, पिरंगुटला कारखाने आले आणि सातबाऱ्याच्या उताऱ्याला पूर्वीपेक्षा अधिक मोल आले. हा उतारा वाचणाऱ्यास दोन गोष्टी अनुभवाने ठाऊक असतात. नोंदीत चूक झाली म्हणून जमीन जागची हलत नाही. आणि आकड्याआधी एकक पाहावे, कारण चाळीस गुंठे म्हणजे अवघा एक एकर. घरातील हार्ड डिस्क एके दिवशी भलतीच क्षमता दाखवू लागते किंवा तिच्यावरील विभाग, म्हणजे पार्टिशन, दिसेनासे होतात, तेव्हा हेच शहाणपण कामी येते.

प्रथम एककाविषयी. १ टीबीची नवी डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, २ टीबीची १,८६३. यात कोणी फसवलेले नसते. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १,०२४ च्या पटीत. एकच शेत हेक्टरमध्ये १ आणि एकरात सुमारे २.४७ भरावे, तसाच हा प्रकार.

मात्र ३ टीबीच्या डिस्कवर २,०४८ जीबीच वापरता येत असेल, किंवा ती केवळ ७४६ जीबीची दिसत असेल, तर कारण निराळे. एमबीआर या जुन्या नोंदपद्धतीत ५१२ बाइटांच्या तुकड्यांची डिस्क २,०४८ जीबीपलीकडे मोजता येत नाही. जुने अडॅप्टर तर तेथून पुन्हा शून्यापासून मोजू लागतात आणि उरलेले ७४६ तेवढे दाखवतात. त्यावर उपाय जीपीटी या नव्या पद्धतीचा. परंतु बदल करण्यापूर्वी डिस्कवरील सर्व मजकूर अन्यत्र उतरवून घ्यावा.

तिसरा प्रकार अधिक चकवणारा आहे. यूएसबी पेटीतील डिस्क बाहेर काढून थेट संगणकाला जोडली, की कधीकधी तिचे विभागच नाहीसे होतात. काही पेट्या डिस्क ४,०९६ बाइटांच्या तुकड्यांत मोजतात, तर संगणक तीच ५१२ च्या तुकड्यांत मोजतो. आकडा तोच, एकक आठपट लहान. गुंठ्यांचा हिशेब एकराने वाचावा तसे होते. डिस्क मूळ पेटीत परत बसवली की बहुधा सारे पूर्ववत दिसते.

आता खऱ्या अर्थाने हरवलेल्या नोंदीविषयी. एमबीआर पद्धतीत विभागांचा तक्ता अवघ्या ६४ बाइटांचा असतो. पावसाळ्यात लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली किंवा केबल ओढली गेली, तर तो बिघडू शकतो. तक्ता जातो; छायाचित्रे जागच्या जागी राहतात. जीपीटी तर तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवते.

नुकसान होते ते यानंतर. विंडोज विचारते, डिस्क इनिशिअलाइझ करायची का? फॉरमॅट करायची का? वाचकहो, येथे ‘होय’ म्हणू नये. जुन्या दप्तरावर कोरे दप्तर ठेवण्यास दिलेली ती संमती होय. दुरुस्तीची चेकडिस्क आज्ञाही या वेळी देऊ नये, कारण तीही डिस्कवर लिहिते.

क्रम असा ठेवावा. आधी केबल बदलावी, मग पोर्ट, मग संगणक. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वीज तत्काळ बंद करून जाणकाराकडे जावे. आवाज नसेल तर डिस्क मॅनेजमेंट उघडून नुसते पाहावे. विभाग आहे, पण त्याला अक्षर नाही, एवढेच असेल तर अक्षर देताच काम होते. विभागच दिसत नसेल, तर संपूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर घ्यावी आणि टेस्टडिस्क या विनामूल्य प्रणालीने त्या प्रतिमेत जुने विभाग शोधावेत. फाइल दिसू लागल्या की आधी त्या उतरवून घ्याव्यात. तक्त्याची दुरुस्ती त्यानंतर.

याच्या उलट प्रकारही आहे. अतिस्वस्त पेन ड्राइव्ह कधीकधी असलेल्या जागेहून कितीतरी अधिक जागा दाखवतो. कागदावर भूखंड आहे, जागेवर नाही! पुढे लिहिलेला मजकूर तेथे टिकतच नाही. त्यामुळे तो भरून, परत वाचून पाहिल्याखेरीज त्यावर काही मोलाचे ठेवू नये.

सातबारा फाटला तर कचेरीतून दुसरा मिळतो. आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज, लग्नातील छायाचित्रे, दुकानाचे जुने हिशेब यांची नक्कल देणारी कचेरी कोठेही नाही. म्हणून डिस्क धडधाकट असतानाच दोन कामे उरकावीत. डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्याचे छायाचित्र काढून, त्यातील क्षमता व विभाग वहीत टिपून ठेवावेत. आणि सर्व मजकुराची दुसरी प्रत लेकीच्या किंवा भावाच्या घरी, निराळ्या छपराखाली ठेवावी. पहिल्याने काय हरवले ते कळते, दुसऱ्याने ते परत मिळते.