विश्लेषण : पॅरिस करारात तैवानला जागाच नाही, तरी कार्बनवर शुल्क कशासाठी?

संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद, म्हणजेच ‘कॉप’, दरवर्षी भरते. जवळपास दोनशे देशांचे प्रतिनिधी आपापल्या देशाच्या पाटीमागे बसून वाटाघाटी करतात. तैवानची पाटी तिथे नसते. आपल्या मोबाइलमधली चिप बहुधा जिथे बनते, ते सव्वादोन कोटींहून अधिक लोकसंख्येचं हे बेट या प्रक्रियेबाहेर आहे. तरीही २०५० पर्यंत ‘नेट झिरो’ गाठण्याचं बंधन त्याने स्वतःच्या कायद्यात घालून घेतलं आहे.

तैवान बाहेर का?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७१ मध्ये ठराव क्रमांक २७५८ मंजूर केला आणि चीनची जागा बीजिंगच्या सरकारला मिळाली. तैवान बाहेर पडला. त्यामुळे १९९२ चा हवामान करार, क्योटो करार आणि २०१५ चा पॅरिस करार यांपैकी एकावरही त्याला सही करता आली नाही. कॉपमध्ये तैवानी अधिकारी आणि तज्ज्ञ जातात ते स्वयंसेवी संस्थांचे निरीक्षक म्हणून. तैवानची बाजू मांडण्याचं काम पलाऊ, मार्शल बेटं, तुवालू यांसारखे मोजके मित्रदेश करतात.

मग उत्सर्जन कमी करण्याची सक्ती कोणाची?

कराराची नाही, पण बाजाराची आहे. तैवानची अर्थव्यवस्था निर्यातीवर चालते. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालावर युरोपीय संघाचा सीमा कार्बन कर २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला आहे. तैवानचे स्क्रू आणि नटबोल्टही त्यात येतात. चिप खरेदी करणाऱ्या बड्या कंपन्यांनाही पुरवठादारांकडून हरित विजेची हमी हवी असते. म्हणूनच चिपनिर्मितीतल्या टीएसएमसी कंपनीने १०० टक्के अक्षय वीज वापरण्याचं उद्दिष्ट २०५० वरून २०४० वर आणलं.

हे पहिल्यांदा घडत नाही. ओझोनच्या थरासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराचाही तैवान सदस्य नव्हता. पण सदस्य नसलेल्यांशी व्यापारावर निर्बंध घालण्याची तरतूद त्यात होती. तैवानने नियम निमूटपणे पाळले.

दुसरं कारण घरातलंच आहे. ऑगस्ट २००९ मधल्या मोराकोट वादळात दरड कोसळून शाओलिन हे अख्खं गाव गाडलं गेलं. पुढे २०२१ मध्ये अर्धशतकातला सर्वांत भीषण दुष्काळ पडला आणि चिप कारखान्यांना टँकरने पाणी आणावं लागलं.

कायदा काय सांगतो?

फेब्रुवारी २०२३ मध्ये जुन्या कायद्याच्या जागी ‘हवामान बदल प्रतिसाद कायदा’ लागू झाला. वर्षाला २५ हजार टनांहून जास्त उत्सर्जन करणाऱ्या वीज आणि उत्पादन उद्योगांना आता कार्बन शुल्क द्यावं लागतं. २०२५ च्या उत्सर्जनापासून त्याची आकारणी सुरू झाली. मूळ दर टनाला ३०० तैवानी डॉलर, म्हणजे साधारण १० अमेरिकी डॉलर. कपातीचा मान्य आराखडा देणाऱ्यांना हा दर १०० किंवा ५० वर येतो. परदेशी स्पर्धेचा धोका असलेल्या उद्योगांना सुरुवातीला आणखी सूट आहे. युरोपातले दर याच्या कित्येक पट असल्याने ‘एवढ्याशा शुल्काने कारखाने बदलतील का’, असा पर्यावरण संघटनांचा सवाल आहे.

अडचण कुठे आहे?

विजेत. तैवान ९५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा आयात करतो आणि ८० टक्क्यांहून जास्त वीज कोळसा व वायूपासून बनते. २०२५ पर्यंत २० टक्के वीज अक्षय स्रोतांतून मिळवण्याचं उद्दिष्ट हुकलं. २०२४ मध्ये हा वाटा १२ टक्क्यांच्या आसपास होता. मे २०२५ मध्ये शेवटची अणुभट्टीही बंद झाली. ती पुन्हा सुरू करावी का, यावर ऑगस्टमध्ये सार्वमत झालं. ‘हो’ म्हणणारे जास्त होते, पण एकूण मतदारांच्या एक चतुर्थांश ‘हो’ मतांची अट पूर्ण झाली नाही.

आयात केलेल्या वायूचा साठा जेमतेम दीड-दोन आठवडे पुरतो. चीनने समुद्री नाकेबंदी केली, तर आधी दिवे जातील. त्यामुळे तिथे सौर पॅनेल आणि पवनचक्क्या हा संरक्षणाचाही विषय आहे.

बाहेर राहिल्याने नुकसान काय?

पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखाली देश एकमेकांकडून कार्बन क्रेडिट घेऊ शकतात. ती सोय सदस्यांसाठी आहे. तैवानने २०३५ पर्यंत २००५ च्या तुलनेत सुमारे ३८ टक्के कपातीचं लक्ष्य जाहीर केलं, पण त्याची नोंद घेणारी किंवा प्रगती तपासणारी आंतरराष्ट्रीय यंत्रणा नाही. जाब विचारायचा तर तो तिथल्या संसदेने, न्यायालयांनी आणि मतदारांनीच.

जगाच्या उत्सर्जनात तैवानचा वाटा सुमारे अर्धा टक्का आहे. तो कोणत्या देशाच्या नावावर मांडायचा, हा वाद राजकारणाचा. वातावरणात जाणारा धूर मात्र पाटी पाहून जात नाही.